हनुवटीवरचे तीन ठिपके

चहाच्या कपात मी पेन बुडवलं तेव्हा माझ्या नव्या नोकरीला जेमतेम पाऊण तास झाला होता.

पेन शाईचं नव्हतं. संगणकाला जोडलेल्या चित्र काढायच्या पाटीचं होतं. वर्ध्यातल्या फ्लेक्सच्या दुकानाचे मालक नरेशभाऊ यांनी ते त्याच सकाळी खोक्यातून काढून मोठ्या मानानं माझ्या हाती दिलं होतं. मी दुकानांच्या पाट्या, भिंती आणि ट्रॅक्टरच्या मागची अक्षरं रंगवण्यात जवानी घालवलेला माणूस. उजव्या बाजूला पाण्याचा मग असतो, हे माझ्या डोक्याला नव्हे, कोपराला ठाऊक. कोपर आपणहून वळलं. नुसतं बुडवून थांबलो असतो तरी एक वेळ निभावलं असतं. मी ते कपाच्या कडेला दोनदा टेकवून त्याला टोक काढलं आणि पँटला पुसलं.

"पेंटरभाऊ," नरेशभाऊ म्हणाले, "साखर बरोबर हाये ना?"

पेन वाचलं. मग मी त्या काळ्या पाटीवर रेघ ओढली. रेघ उमटेना. जरा दाबून ओढली. तरी उमटेना. पेन झटकलं, पुन्हा दाबलं, शेवटी भिंतीवर खिळा रेटावा तसा अंगठा रेटला. नरेशभाऊ आता खुर्ची फिरवून मजा बघत होते.

"काय झालं, शाई सरली काय?"

"हाव, नवीन भरा लागते."

"जरा वर पाहा जी."

वर संगणकाच्या पडद्यावर कावळ्याच्या घरट्यासारखं काहीतरी काळंकुट्ट माजलं होतं. हात खाली, रेघ वर. या पाटीवर काढणाऱ्यानं हाताकडे बघायचंच नसतं, हे मला कोणी सांगितलं नव्हतं, आणि विचारायला मी लाजलो होतो. मालक माझ्याहून पंधरा वर्षांनी लहान!

आता बाहेरच्या माणसासाठी हा धंदा सांगतो. त्या पेनाच्या टोकात रंग नसतो, शाई नसते. त्याला फक्त दाब कळतो. टेकवल्यासारखं केलं तर पडद्यावर केसासारखी रेघ येते, दाबलं तर बोटभर जाड आणि गडद. रंग कोणता, ब्रश कोणता, हे बाजूच्या बटणांनी ठरवता येतं. पण 'किती' हे फक्त हातानंच सांगावं लागतं. खोक्यावर लिहिलं होतं की दाबाच्या आठ हजारांवर पायऱ्या हे पेन ओळखतं. माझ्या हाताला तेव्हा दोनच ठाऊक होत्या: भिंत आणि पत्रा.

पेनाचं टोक प्लास्टिकचं असतं, झिजलं की चिमट्यानं ओढून नवं बसवायचं. दुसऱ्यांची टोकं महिनोन्महिने टिकतात, माझं आठ दिवसांत खोडरबरासारखं चपटं व्हायचं. नरेशभाऊंनी संगणकात एक सेटिंग दाखवलं. त्यात एक वाकडी रेघ ओढून यंत्राला सांगता येतं की या माणसाचा हात जड आहे, जरा सांभाळून घे. "असं करून देतो," ते म्हणाले, "म्हंजे तुमी कसं बी दाबा, रेघ नाजूकच येते." मी ती रेघ परत सरळ करून ठेवली. म्हटलं, यंत्रानं मला सांभाळून घ्यायची गरज नाही, मीच शिकतो. महिनाभर रोज दुकान उघडल्यावर आधी शंभर रेघा ओढायचो: बारीक सुरू, मध्ये जाड, शेवटी पुन्हा बारीक. ब्रशनं पाटीवर 'क' काढताना हेच तर करत होतो. दाब मला येतच होता, फक्त तो खांद्यातून मनगटात उतरवायचा होता.

या धंद्यात सगळ्यात जास्त वेळा ऐकलेलं वाक्य म्हणजे 'कंप्यूटर काढते'. सिंदीचा एक कापसाचा व्यापारी माझ्यामागे तासभर उभा होता. त्याच्या वडिलांच्या पागोट्याच्या घड्या मी एकेक करून काढत होतो. शेवटी तो म्हणाला, "कंप्यूटरच काढते ना जी सारं? मंग तुमी काऊन बसले इथं?"

"त्याले करमत नाई एकट्याले," मी म्हटलं.

दुसरा एक गडी वाढदिवसाच्या फ्लेक्ससाठी आला. त्याला मिशी पाहिजे होती. स्वतःची नव्हती, बापाची होती तशी पाहिजे होती. मिशी काढणं म्हणजे प्रत्येक केस मुळाशी दाबायचा आणि टोकाशी उचलायचा. दाब चुकला तर मिशी न दिसता ओठावर डांबर सांडल्यासारखं दिसतं. दीड दिवस खपून मी त्याला अशी मिशी दिली की फ्लेक्स लागल्यावर गावानं 'मिशी कुठी गेली' असं विचारून विचारून त्याला भंडावलं, आणि पुढच्या महिन्यात तो खरी मिशी वाढवून आला. म्हणाला, "तुमच्यावानी नाई येऊन राह्यली." त्याला मी काय सांगणार? निसर्गाला दाब जमत नाही.

माझे जुने सोबती, ब्रशवाले, भेटले की टोमणे मारतात. तू बाटला, म्हणतात. मी त्यांना सांगतो, ब्रश सोडला, हात सोडला नाही. आणि आता ज्या गोष्टीसाठी हा सगळा कागद काळा करतो आहे ती सांगतो. तिच्यात माझी शेखी थोडी आहे आणि लाज जास्त.

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. दुकानात एक भाऊ-बहीण आले. भाऊ दिलीपराव, शहरात कार्यालयात नोकरीला, पिपरी मेघेत नवं घर बांधलेलं, चार दिवसांवर घरभरणी. बहीण शोभाताई, वडनेरला दिलेली, घरी भाजीपाल्याची शेती. बोटांना अजून मेथीचा हिरवा रंग होता. चादरीत गुंडाळलेली एक मोठी चौकट त्यांनी टेबलावर ठेवली. चौकटीला वाळवी लागली होती, ती चित्रातल्या बाईच्या खांद्यापर्यंत पोचली होती. दिलीपरावांना तेच चित्र नवं करून, मोठं करून हॉलमध्ये लावायचं होतं.

मी खालच्या कोपऱ्यातली सही बघितली आणि आनंदानं ओरडलोच, "अरे, हे तं माह्या हातचं काम होय!"

शोभाताईनं माझ्याकडे वर मान करून बघितलं. "तुमी काढला हा फोटो?"

"हाव जी. कोळशाच्या पावडरचं काम. वीस-बावीस वर्षं झाले असन."

"मंग तुमालेच विचारते," ती म्हणाली. "माह्या मायचं गोंदण कुठी गेलं?"

मी चित्राकडे बघितलं. गोरीपान, गुळगुळीत बाई. कपाळ स्वच्छ, हनुवटी स्वच्छ. आणि मला सगळं आठवलं.

त्या काळी घरातलं माणूस गेलं की तेरवीच्या आत त्याच्या पासपोर्ट फोटोवरून मोठं चित्र करून घ्यायची रीत होती. गिऱ्हाईक तीन गोष्टी सांगायचं: गोरं करा, दागिना घाला, गोंदण घेऊ नका. ज्या बायांच्या कपाळावर, हनुवटीवर गोंदण होतं त्यांची शिकलेली पोरं हे तिसरं न चुकता सांगायची. आणि मी न चुकता करायचो. पुसावंसुद्धा लागत नव्हतं, फक्त काढायचं नाही. माझं नाव 'साफ हाताचा पेंटर' म्हणून झालं होतं, आणि मी ते नाव टाय लावल्यासारखं मिरवत होतो. या दोघांच्या आईच्या, जाईबाईच्या चित्राच्या वेळी तेव्हा नुकताच नोकरीला लागलेला दिलीप समोर उभा राहून तेच सांगून गेला होता.

"तो पासपोर्ट फोटो कुठी हाये?" मी विचारलं.

"तुमालेच देल्ला होता," दिलीपराव म्हणाले.

खरं होतं. चित्र मोठं करायचं तर फोटोवर बारीक चौकोन आखायचे, कागदावर मोठे चौकोन आखायचे आणि चौकोनाला चौकोन लावत जायचं, ही आमची पद्धत. मी ते चौकोन शाईनं आखायचो, कारण पेन्सिल चकचकीत फोटोवर धरत नाही. काम झालं की फोटो जाळी लावल्यासारखा दिसायचा, मग टाकून द्यायचो. त्या बाईचा जगातला एकुलता एक फोटो होता, हे मी विचारलंही नव्हतं. तेव्हा मोबाइल नव्हते. गोंदण मीच गाळलं आणि त्याचा पुरावाही मीच फेकला.

"माह्या नातवंडायले हेच पणजी वाटते," शोभाताई म्हणाली. "मी सांगते का तिच्या हनुवटीले तीन ठिपके होते, तं म्हणतात फोटोत तं नाई. ते गोंदणवाली बाई आता फकत माह्या डोक्यात हाये. मी गेली का ते बी गेली."

"ताई, तू आता ते काढू नोको," दिलीपराव हळू आवाजात म्हणाले. "घरात पावणे येतात. साधा फोटो राहू दे."

"माय का तुह्या एकट्याची होती काय रे?"

दिलीपराव घड्याळ बघत बाहेर गेले. मी शोभाताईला म्हटलं, कोणाला आठवतं का नीट? कुठे, केवढे, कसे? ती म्हणाली, मावशी आहे सिंदीला. दोघी बहिणी एकाच दिवशी, एकाच बाईकडून गोंदवून आल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी अंजनाबाई आली. ऐंशीच्या आसपास, काठी टेकत, दुकानात शिरताच म्हणाली, "कुठी हाये तो गोंदण चोरणारा?"

नरेशभाऊंनी माझ्याकडे बोट केलं.

मी तिला खिडकीपाशी उजेडात बसवलं. तिच्या हनुवटीवर तीन ठिपके होते, पण मधला ओघळल्यासारखा लांबडा. जुन्या गोंदणाचा रंग काळा राहत नाही. तो हिरव्या-निळ्याकडे झुकतो आणि कडा कातडीत विरतात. जुनं चित्र मी आधीच संगणकात घेऊन वाळवीचे डाग भरले होते, त्यावर रंग चढवले होते. आता हनुवटीवर पेन नेलं आणि अंजनाबाईच्या तोंडाकडे बघत तीन सुबक गोल ठिपके दिले.

"ह्या टिकल्या होय," ती म्हणाली. "गोंदण नोय."

पुसले. हात हलका करून पुन्हा दिले.

"हे तं माश्या बसल्यावानी दिसते."

पुन्हा पुसले. मी तिच्यासारखाच मधला ठिपका लांबडा केला.

"अरे, माहा काऊन काढून राह्यला? तिचा असा नव्हता. मी रडली बाप्पा. हालली, म्हून माहा वाकडा झाला. जाईबाई नाई हालली." तिनं काठी मांडीवर आडवी ठेवली. "नऊ वर्साची होती. सुया टोचून राह्यल्या, रगत येऊन राह्यलं, अन् हे माहा हात धरून बसली. माह्या हातात तिचे नखं रुतले, पण तोंडातून हूं नाई का चूं नाई. जो हालत नाई त्याले ते गोंदणारी खोल टोचे. म्हून बाईचं गोंदण खोल होतं. माहं वरवरचं."

मी पेन खाली ठेवलं. वीस वर्षं मी ज्याला डाग म्हणून गाळत होतो, ते त्या बाईनं नऊ वर्षांची असताना कमावलं होतं.

मग मला रीत सुचली. आधी पेन टेकवल्यासारखं करून कातडीत विरलेला फिका निळा घेर, आठ-दहा वेळा, एकावर एक. त्याच्या पोटात जरा दाबून हिरवट. आणि अगदी मधोमध एकदाच, सरळ, खाली. पहिल्या ठिपक्याला माझा हात मध्येच कचरला. मागून एक सुरकुतलेला हात आला आणि त्यानं माझं मनगट धरलं.

"दाब," अंजनाबाई म्हणाली. "अजून दाब. तिनं सोसलं, तुले काय होते?"

ज्या जड हाताबद्दल मी दोन वर्षं बोलणी खाल्ली, तो त्या दिवशी पहिल्यांदा कामी आला. पहिला ठिपका, दुसरा, तिसरा. मग कपाळावरची उभी रेघ आणि तिच्या दोन बाजूंचे कण. पेनाचं टोक त्यातच झिजून गेलं. शोभाताई आतापर्यंत भिंतीला टेकून उभी होती. ती पडद्याजवळ आली आणि पदरानं नाक पुसत म्हणाली, "आता हे माय मले रागावते."

याहून मोठी पावती मला आयुष्यात मिळालेली नाही.

दुपारी दोघी बसनं गेल्या आणि तासाभरात दिलीपरावांचा फोन आला. माझ्या मोबाइलवर नाही, नरेशभाऊंच्या. बोलून झाल्यावर ते माझ्याजवळ आले.

"पेंटरभाऊ, गोंदण वेगळ्या लेयरवर हाये ना?"

इथे पुन्हा थोडं समजावतो. संगणकातलं चित्र पारदर्शक कागद एकावर एक ठेवल्यासारखं असतं. त्या प्रत्येक कागदाला लेयर म्हणतात. एका कागदावर चेहरा, दुसऱ्यावर गोंदण. प्रत्येक लेयरपुढे डोळ्याचं चित्र असतं. तो डोळा मिटवला की तेवढा कागद नाहीसा.

"हाये," मी म्हटलं.

"तो डोळा बंद करा अन् प्रिंट सोडा. दिलीपराव म्हणते घर त्यायचं हाये. बहिणीले मंग समजावतो म्हणते."

बघा, किती सोपं! एक टिचकी. पूर्वी न काढायला काही करावं लागत नव्हतं, आता तर काढलेलंसुद्धा काही न करता जाणार होतं. मी पडद्याकडे बघितलं. जाईबाई माझ्याकडे बघत होती, पहिल्यांदाच ओळख असल्यासारखी.

मी दोन्ही लेयर एक केले. चेहरा आणि गोंदण, आता सुटं होणार नाही असं. फाईल सेव्ह केली, बंद केली, आणि सुटे लेयर असलेली जुनी फाईल पुसून टाकली. अगदी संगणकातल्या कचऱ्याच्या टोपलीतूनही.

"केला बंद?" नरेशभाऊंनी काउंटरवरून विचारलं.

"नाई. आता नाई निघत ते."

"काऊन?"

"एक करून टाकलं. कातडीत गेलं."

ते उठून आले. फाईल उघडून बघितली, बटणं दाबून बघितली. मग माझ्याकडे वळले. "पेंटरभाऊ, हे दुकान माहं हाये."

"हाव. पण हात माहा हाये."

"मंग उद्यापासून तो हात घेऊन भिंती रंगवाले जा."

"जाईन," मी म्हटलं. "पण एकदा खाल्लेलं गोंदण दुसऱ्यांदा नाई खात. पायजे असन तं दिलीपरावनं दुसऱ्याकडून करून घ्यावं, माह्या हातून होत नाई."

हे वाक्य छापील वाचताना फार भारी वाटतं. प्रत्यक्षात ते म्हणताना मी मनातल्या मनात महिन्याचा किराणा मोजत होतो. वर्ध्यातल्या भिंती रंगवायचे दिवस केव्हाच गेले, हे त्यांनाही माहीत होतं आणि मलाही. नरेशभाऊ काउंटरवर जाऊन बसले. मग म्हणाले, "प्रिंट काढा. पण घेऊन तुमीच जा. शिव्या तुमीच खा."

मोठी चौकट मांड्यांवर आडवी धरून मी ऑटोतून पिपरी मेघेत गेलो. घरात रंगाचा वास होता. हॉलमधल्या भिंतीवर दिलीपरावांनी आधीच खिळा ठोकून ठेवला होता. मी कागद सोडवला. त्यांनी एकदा बघितलं आणि तोंड फिरवलं.

"मी नरेशभाऊले फोनवर सांगतलं होतं."

"हाव. मले कळलं होतं."

"तरी?"

ऑटोत मी मोठं भाषण जुळवलं होतं. ऐन वेळी त्यातलं काही आलं नाही. मी म्हटलं, "दिलीपराव, तवा तुमी सांगतलं, मी ऐकलं. दोघंही चुकलो. तुमाले पावण्यायची लाज वाटत असन तं हा फोटो भिंतीकडे तोंड करून लावा. पण मी पुसत नाई."

ते रागावतील असं वाटलं होतं. ते चौकटीसमोर उकिडवे बसले. मग चित्राकडे बघतच म्हणाले, "सातवीत होतो. माय डबा घेऊन शाळेत आली. पोट्टे हसले तिच्या तोंडाले पाहून. घरी गेल्यावर मी तिले म्हटलं, तू समोरच्या गेटानं येत नोको जाऊ. तवापासून ते मागच्या कुंपणाच्या तारेतून डबा देत जाय." चौकटीची कड पुसत म्हणाले, "मले कदी काही नाई बोलली."

मी चौकट धरून उभा राहिलो. ते उठले, हातोडी घेतली, उंचावर ठोकलेला खिळा उपसला आणि हातभर खाली ठोकला. म्हणाले, "वर लावली तं दिसत नाई नीट." जाईबाईची हनुवटी आता उभ्या माणसाच्या डोळ्यांसमोर आली.

नरेशभाऊंनी दुसऱ्या दिवशी मला काढलं नाही. फक्त तेव्हापासून प्रत्येक फाईलची एक प्रत माझ्या नकळत स्वतःकडे ठेवतात. मला ते माहीत आहे, हे त्यांना माहीत नाही. आणि मी तेव्हापासून एक ठरवून टाकलं आहे: चेहऱ्यावरचं काही गाळायचं असेल तर आमच्या दुकानात दुसरं टेबल बघा. व्रण असो, देवीचे वण असोत, गोंदण असो, ते त्या माणसाचं आहे. गोरं करायला सांगणारे अजून येतात. त्यांना मी बसायला खुर्ची देतो, पाणी देतो आणि नाही म्हणतो.

चौकट पोचवून त्या संध्याकाळी घरी आलो तो चपला काढायच्या आधीच सुरू झालो. बायको दारात बसून तूर निवडत होती. मी सगळी माणसं वठवली. अंजनाबाईची काठी केली, नरेशभाऊंचा आवाज काढला, 'हात माहा हाये' म्हणताना भिंतीवर थाप मारली, आणि लेयर एक करतानाचं बोट तर हवेत तीन वेळा आपटून दाखवलं. तिचं निवडणं चालूच होतं. मी थांबलो तेव्हा तिनं सूप बाजूला ठेवलं.

"अजी, ते नऊ वर्साची पोट्टी सुया टोचून घेतानी चूप बसली म्हणता ना?"

"हाव!"

"अन् तुमी एक बटन काय दाबलं, तं अर्धा घंटा झाला बोंबलून राह्यले. हातपाय धुवा."